साडेचार इंचांचा खोकला

मंडळी, गिरजावहिनी, आणि गोळीबार चौकातून आज माग बंद ठेवून आलेल्या सगळ्या भावांनो,

माझ्याआधी चार जण बोलले. चांगलं बोलले. श्रावण धकाते किती हसतमुख होता, किती कामसू होता, सगळं खरं आहे. मला उभं केलं ते त्याचा जवळचा मित्र म्हणून. मी कागदावर लिहून आणलंय. आज माझ्या जिभेवर माझा भरवसा नाही. आणि जे सांगायचंय ते कागदावर नसलं, तर मधेच काहीतरी गोड बोलून मी खाली बसेन, एवढं मी स्वतःला ओळखतो.

काही जण मला ओळखत नसतील. मी पेंटर. सीताबर्डीच्या टॉकीजमध्ये मध्यंतराला पडद्यावर साड्यांच्या, औषधांच्या जाहिरातींच्या काचा दाखवतात ना, त्या काचा मी रंगवायचो. कोणत्या शाळेत शिकलो नाही. कोणी गुरू नाही. प्रोजेक्टर खोलून शिकलो, टेपरेकॉर्डर खोलून शिकलो. पुढे एका संस्थेनं खेडोपाडी दाखवायला आरोग्याचे कार्यक्रम मागितले. पडद्यावर एकामागून एक चित्रं, आणि सोबत टेपवर बोलणं. ते मी करायला लागलो. आणि मला अभिमान होता, मंडळी. तो लपवून काय करू? नागपुरात माझ्याइतकं साफ काम कोणी करत नव्हतं.

विहिरीच्या पाण्यावरच्या पहिल्या कार्यक्रमाला मी एका प्राध्यापकांचा आवाज घेतला होता. उमरेडकडच्या एका गावात लोक अर्ध्यातून उठून गेले. मशीन आवरायला तेव्हा श्रावण सोबत होता. सकाळी मागावर बसायचा, दुपारी माझ्याकडे यायचा. तो म्हणाला, "पेंटरजी, हे मास्तर बोलून राहिले का परीक्षा घेऊन राहिले? लोकायले वाटलं, आता आपल्याले उभं करून विचारतीन."

मी म्हटलं, "मग तू बोल."

"मी? माहा आवाज?"

"तुझाच."

आणि मंडळी, तोच कार्यक्रम तो नव्यानं बोलला. माईकसमोर नाही, समोर बसलेल्या कोणा म्हाताऱ्या मावशीशी बोलावं तसा बोलला. पुढच्या गावात एक बाई पडद्यामागे जाऊन बघून आली, बोलणारा माणूस कुठे बसलाय म्हणून. श्रावण प्रोजेक्टरजवळ उभा होता. तिला म्हणाला, "मावशी, मी इथं हावो, तिकडं माहा आवाज गेला हाय फक्त."

तो मला शेवटपर्यंत "तुम्ही" म्हणाला. मी त्याला "अरे" म्हणायचो. हेही आज नोंदवून ठेवतो.

आता मला थोडं माझ्या कामाबद्दल सांगावं लागेल. कंटाळू नका. ते सांगितल्याशिवाय माझी चूक तुम्हाला कळणार नाही.

टेप म्हणजे पट्टी असते. आमच्या मशीनवर ती एका सेकंदाला साडेसात इंच धावते. बोलणारा अडखळला, खाकरला, पाणी प्याला, तर तेवढा तुकडा पात्यानं तिरपा कापायचा आणि दोन टोकं पुन्हा चिकटवायची. तिरपाच का? सरळ कापलं तर जोडाशी टक् ऐकू येतं. पण नुसतं कापून भागत नाही. बोलणं आखूड झालं तर चित्र मागे राहतं आणि आवाज पुढे पळतो. म्हणून जेवढं कापलं तेवढीच कोरी टेप वाक्याच्या शेवटी घालायची. पट्टीनं मोजून. आणि मी प्रत्येक तुकडा वहीत लिहायचो. काय कापलं, किती इंच.

तिसरा कार्यक्रम छातीच्या रोगाचा होता.

त्या कार्यक्रमासाठी मी जे केलं ते त्याआधी कधी केलं नव्हतं. माणसाच्या छातीचं चित्र. त्यावर काळ्या कागदाची झाकणं, नखाएवढ्या भोकापासून तळहाताएवढ्या भोकापर्यंत, सात झाकणं कोरली, भोकातून तेवढाच डाग दिसेल अशी. दोन प्रोजेक्टर एकाच पडद्यावर लावले. एका भिंगापुढे पुठ्ठा हळूहळू आणायचा, दुसऱ्यापुढून हळूहळू काढायचा. पडद्यावर छातीतला डाग वाढताना दिसायचा. हलणारं चित्र, पण सिनेमा नव्हे. लोक श्वास रोखून बघायचे. मी त्या डागाच्या कडा मऊ दिसाव्यात म्हणून अकरा दिवस घालवले. अकरा दिवस, मंडळी. कागदावरच्या डागासाठी.

आणि त्या डागावर श्रावणचं वाक्य होतं. "खोकला महिनाभर राहिला तर लपवू नका. दवाखान्यात जा. थुंकी तपासून घ्या."

आम्ही दुपारी आवाज घ्यायचो. खिडक्यांना गोधड्या लावून. तो वाक्य बोलला आणि खोकला. पुन्हा घेतलं. पुन्हा खोकला. तिसऱ्यांदा बोलून झाल्यावर त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हसून म्हणाला, "पेंटरजी, हे कोणाले सांगून राहिलो मी?"

तुम्ही असता तर काय म्हटलं असतं? कोणीही शहाणा माणूस काय म्हणाला असता?

मी म्हटलं, "पुन्हा घे. 'लपवू'वर जोर दे."

मंडळी, हे माझे शब्द आहेत. त्याच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर. शब्दाला शब्द तेच.

चौथ्या वेळी जोर बरोबर आला. पण "लपवू" आणि "नका" यांच्या मधोमध खोकला आला. नऊ इंचांचा. आवाज इतका छान लागला होता की मी ठरवलं, हेच ठेवायचं, खोकला काढायचा. पूर्ण दुपार लागली. पण असा जोड केला की कानाला सापडणार नाही. येईल त्याला ऐकवायचो, "सांगा, जोड कुठे आहे?" कोणालाच सापडला नाही. श्रावणलाही ऐकवलं. त्यानं दोनदा ऐकलं आणि म्हणाला, "वा पेंटरजी! बरा केला तुम्ही मले. आता डॉक्टर काहून पाह्यजे?"

आम्ही दोघं हसलो. मी जास्त हसलो. मला ती कामाची तारीफ वाटली.

मग त्या टेपच्या सहा प्रती काढल्या. एका मशीनमधून दुसऱ्या मशीनमध्ये वायर लावून, एकेक, कानाला हेडफोन लावून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. म्हणजे तो धडधाकट आवाज मी सहा वेळा पूर्ण ऐकला. त्या प्रती सहा गाड्यांतून गावोगावी गेल्या. किती लोकांनी तो ऐकला मला माहीत नाही. काही जण दवाखान्यात गेले, असं संस्थेनं कळवलं. श्रावणनं सांगितलं म्हणून गेले.

श्रावणला कोणी सांगितलं?

तुम्ही म्हणाल, मागावर बसणाऱ्याला खोकला असतोच. सुताची धूळ. आपल्या वस्तीत कोण खोकत नाही? मीही स्वतःला हेच सांगत होतो. पण तुमच्यात आणि माझ्यात एक फरक आहे. तुमच्याकडे वही नव्हती. माझ्याकडे होती. पहिल्या टेपच्या पानावर लिहिलंय: खोकला, साडेचार इंच. असे तीन. दुसऱ्या टेपला अकरा. तिसऱ्या टेपला एक्केचाळीस. आणि लांबी वाढत गेलेली. साडेचार, सहा, नऊ, एक तर बावीस इंचांचा. त्या बावीसच्या पुढे मी लाल शाईनं काय लिहिलंय, सांगू? "नीट बसला नाही, जोड पुन्हा करणे."

पडद्यावरचा डाग मी सात झाकणांत वाढवला. वहीतला डाग माझ्याच अक्षरात वाढत होता. तो मला दिसला नाही.

त्यानंतर एक दिवस त्याच्या रुमालावर रक्त दिसलं आणि वहिनींनी त्याला दवाखान्यात नेलं. मी सोबत होतो. डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवसांपासून?" वहिनी म्हणाल्या, "दोन-तीन महिने झाले असतीन." श्रावणनं मान हलवली. मला नेमकं माहीत होतं. पहिल्या टेपची तारीख माहीत होती. दीड वर्ष. मी बोललो नाही. का बोललो नाही? कारण पुढचा प्रश्न मला आला असता. तुम्हाला कसं माहीत?

डॉक्टर म्हणाले, फार उशीर केला. छातीच्या दोन्ही बाजू गेल्या आहेत. औषधं सुरू झाली, सुया झाल्या, सगळं झालं. तुम्हाला माहीतच आहे.

आता शेवटचं.

तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी हा फोटो मोठा केला. हा, समोर हार घातलेला. माईकसमोर बसलेला असतानाचा आहे, मीच काढला होता. मूळ फोटोत त्याच्या हातात रुमाल आहे, तोंडाकडे न्यायला छातीशी उचललेला. मोठा करताना मी काळा कागद कापून, मूळ फोटोवर चिकटवून तो हात झाकला. विचारही केला नाही. हात आपोआप चालले. फोटो साफ दिसावा म्हणून. नीट बघा, खांद्याखाली एक सावली आहे. ती सावली नाही. ते माझं झाकण आहे.

आठव्या दिवशी वहिनींनी निरोप पाठवला, "भाऊजी, त्यायचा आवाज एकदा ऐकवा." मी मशीन सायकलरिक्षात घालून घेऊन गेलो. सगळ्यात चांगली प्रत नेली. तीच, छातीच्या रोगाची. दुसरी न्यायला हवी होती, विहिरीच्या पाण्याची न्यायला हवी होती. पण काम त्यात सगळ्यात चांगलं झालं होतं. तेव्हाही मी कामाचाच विचार केला.

वहिनी जोत्यावर बसून ऐकत होत्या. त्याच्या मागाजवळ. संपल्यावर म्हणाल्या, "आवाज त्यायचाच हाय. पण भाऊजी, याच्यात खोकला काहून नाही?"

मी म्हटलं, "वहिनी, तो साफ केला."

"साफ केला?" त्या म्हणाल्या. "मले तर घरात त्याच्यावरच समजे. चुलीपाशी असो का पाण्याले गेलो असो, खोकला आला का समजे, आता मागावर हायेत, आता अंगणात हायेत. तो देऊन द्या मले. कापलेला असंन ना तुमच्यापाशी?"

नव्हता. कापलेले तुकडे मी टोपलीत टाकायचो. टोपली रोज झाडायचो. माझी खोली फार स्वच्छ असते.

वहिनींनी टेपकडे बघितलं आणि हळूच विचारलं. रागानं नाही. रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. "भाऊजी, साफ करासाठी पह्यले ऐकावा लागला असंन ना?"

मशीन उचललं आणि घरी आलो.

वहिनी, त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी आज उभा आहे. सगळ्यांसमोर. हो. ऐकावा लागला. प्रत्येक खोकला ऐकला. एकेक पाच-सहा वेळा, पुढे मागे फिरवून, कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो ते नेमकं सापडेपर्यंत. तुमच्या खालोखाल श्रावणचा खोकला मीच ऐकला. तुम्ही त्यातून माणूस ओळखला. मी त्यातून जोड ओळखला. त्यानं मला तोंडावर विचारलं, हे कोणाला सांगतोय मी. उत्तर होतं, तुलाच, श्रावण. ऊठ, दवाखान्यात चल, मी येतो सोबत. एवढं म्हणायला किती टेप लागली असती? तीन सेकंद. साडेबावीस इंच.

मी माफी मागत नाही. तुम्ही मोठ्या मनानं देऊन टाकाल आणि मी ती घेऊन घरी जाईन, म्हणून मागत नाही. वही मात्र आणली आहे. ती वहिनींकडे ठेवतो. त्यात तुकडे नाहीत, नुसती मापं आहेत. माझ्याकडे एवढंच उरलंय.

आता उभे राहा, मंडळी. आपण मौन पाळू. पण दोन मिनिटांचं नको. काल मी तिसऱ्या टेपमधल्या सगळ्या कोऱ्या पट्ट्यांची बेरीज केली, श्रावणच्या खोकल्याच्या बदल्यात घातलेल्या पट्ट्यांची. चारशे अठ्ठावन्न इंच भरतात. एक मिनिट आणि एक सेकंद. तेवढंच मौन ठेवू. तेवढी जागा त्याची आहे, मी घेतली होती, ती त्याला परत देऊ.

आणि एक विनंती. अशा वेळी माणसं खोकला दाबून धरतात, शांतता मोडू नये म्हणून. आज कोणी दाबू नका. आला तर येऊ द्या.

मी ऐकतो आहे.