पौर्णिमाला स्ट्राइक दिली तवा

माजं नाव सारिका, ताई. गाव लोहगडवाडी, गडाच्या पायऱ्या चालू व्हायच्या आधी टपऱ्यांची रांग लागती बगा, त्यात आमची बी एक हाय, आईची, तुमी बसलाव ती. पिठलं-भाकरी, कांदाभजी, ताक, लिंबू सरबत. मी ल्हान हुते तवा एवढी गर्दी नसायची, आता शनवार-रविवार गाड्यांनी रस्ता भरतो, उभं ऱ्हायला जागा न्हाई. वडलांना आमी बापू म्हनतो. भात लावायचे, आन् भात निघाला की मळवलीकडं बंगल्यांच्या कामावर गवंड्याच्या हाताखाली जायाचे. आता त्यांची कंबर गेली, बसून असत्यात.

किरकेट कुटनं आलं म्हनाल तर वाडीतच. गाड्या लावत्यात त्या तुकड्यावर पोरं टेनिस बॉलनं खेळायची. तितं एका अंगाला उतार, बॉल तिकडं गेला की पार खाली झाडीत, मग कोन आननार, म्हनून नियम केलता, उताराला मारला की आउट. मला आधी बॉल आनायलाच ठिवायची, पोरगी हाय, पळती चांगली. मग एक डाव द्या म्हनले आन् दिला, आन् मग द्यायलाच लागली कारन मी सरळ मारायची. उताराला मारायचं न्हाई तर दुसरं काय करनार, बॉलरच्या डोक्यावरनं, वाडीकडं. एकदा आमच्याच टपरीच्या पत्र्यावर पडला, आई उलथनं घिऊन धावत आली, कोन हाय म्हनून, बगती तर मीच.

शाळेतल्या सरांनी तळेगावला नेलं, अकॅडमीत. तितं पौर्णिमा भेटली. तिचे वडील शाळामास्तर, आई पोस्टात, घरात फ्रीजवर तिच्या म्याचचं वेळापत्रक लावलेलं. मला लय नवल वाटायचं त्याचं. पन पोरगी मनानं चांगली, सांगते ना तुमाला, डबा उघडला की आधी माज्या म्होरं सरकवायची. आमी आठ-नऊ वरीस संगच खेळलो. ती वरती खेळनारी, टेकून, फटका कसा बगत ऱ्हावा असा. मी खाली, शेवटाला.

मग राज्यात बायांची लीग चालू झाली, वीस-वीस ओव्हरची. संघमालक बोली लावून पोरी घेत्यात. आमाला दोगींनाबी एकाच संघानं घेतलं. त्या दिवशी बापूंनी आख्ख्या रांगेत पेढे वाटले, शेजारच्या टपरीवाल्याशी बोलत न्हवते त्यालाबी दिला.

कोच हुत्या शैला मॅडम. लय कडक बाई, हसायच्या न्हाईत. पयल्याच दिवशी मला म्हनल्या, सारिका, तुला म्याचमध्ये दहा चेंडू मिळतील, कधी चार, कधी एकही नाही, तर नेटमध्ये तू दहाच खेळायचे. मला राग आला. बाकीच्या पोरी तासतास ठोकत्यात आन् मी दहा चेंडू खेळून पॅड बांधून बसायचं? तर त्या म्हनल्या, बसायचंच शिकायचंय तुला. आन् खरं सांगते ताई, त्येच समद्यात अवघड. पाय गरम ठिवायचे, डोळं बॉलरच्या हातावर, आन् मनात दुसरं काय येऊ द्यायचं न्हाई, कारन तुमी आत गेलाव की पयल्याच चेंडूला मारायचं असतं, डोळा बसायला कोन येळ देत न्हाई. लोकांना वाटतं ह्यो खेळ ताकदीचा हाय. ताकद समद्यांकडंच असती वो.

पयल्या म्याचा आमी हरत गेलो. वाईट खेळत हुतो असं न्हाई. देशाच्या मोठ्या लीगची मान्सं बगायला येत्यात हे समद्यांना ठावं, म्हनून जी ती आपला आकडा बगायची. पन्नास हुईस्तवर जपून खेळायचं, मग मागच्या पोरींना चेंडूच उरायचे न्हाईत. बॉलरबी तसंच, मला शेवटची ओव्हर नको म्हनायची, मार पडतो ना तितं. मग एक दिवस मॅडमनी समद्यांना पॅव्हेलियनच्या पायरीवर बसवलं. म्हनल्या, तुमच्यापैकी प्रत्येकीला पन्नास हवेत, मग संघासाठी शून्यावर जाणार कोण?  मी हात वर केला न्हाई. मॅडम उठून गेल्या, पाठीमागं बगितलंबी न्हाई. पौर्णिमा बुटाची नाडी सोडत बांधत बसलेली.

पन त्यानंतर काय तरी फिरलं. पयल्या ओव्हरपास्न मारायला लागल्या पोरी, आउट झाल्या तरी मॅडम पाठीवर थाप मारायच्या, म्हनायच्या काम झालं तुझं. ज्यांना खेळायला भेटत न्हवतं त्या पोरी आमची हेल्मेट पुसून ठिवायच्या, कुनी सांगितलं न्हवतं त्यांना. शेवटच्या ओव्हरला म्याच घालवलेली एक पोर हुती, रडत बसली, मॅडमनी दुसऱ्या म्याचला तिलाच परत शेवटची ओव्हर दिली, आन् तिनं जिंकून दिलं. मार खाल्लेल्याला परत बॉल देनारं कोन तरी लागतं, असा संघ वर जातो. आमी जिंकत जिंकत सेमीफायनलला आलो.

त्ये दुपारचं ऊन अजून माज्या डोळ्यात हाय. शेवटची ओव्हर, तीन चेंडू, आठ रन पायजेत. पौर्णिमा साठ रनाच्या पुढं, पलीकडच्या टोकाला. मी नुकतीच आत गेलेली, दोनच रन काडलेले, स्ट्राइकला मीच. बॉलरनं बरोबर वळखलेलं की हिला सरळ मारायची सवय, म्हनून ती माज्यापास्न लांब, बाहेर टाकायची. मी बॅट घातली तर बॉल निस्ता घासून बॉलरच्याच बाजूला दोन पावलांवर गेला. रन न्हवताच तितं. मी जागेवरच ऱ्हायले. आन् बगते तर पौर्णिमा, पळ म्हनून वरडत, अर्ध्याच्या पुढं आलेली. तिला बॉल दिसलाच न्हवता. मी नको नको म्हनले, तवर ती माज्यापाशी. दोगीबी एकाच रेघेत, आन् पलीकडं बॉलरनं हातातनं सुटलेला बॉल आता उचललेला.

नियमानं मी आत, आउट ती. मी निस्ती उभी ऱ्हायले असते तर मला कुनी काय म्हनलं नसतं, चूक तिची हुती. पन डोक्यात काय आलं सांगू, काय ईचार केला असं न्हाई, निस्तं दिसलं की दोन चेंडू ऱ्हायले, तिचा डोळा बसलाय, माजा न्हाई. तिची बॅट रेघेच्या आत पडली तशी मी रेघ सोडली आन् पलीकडं पळाले. बॉलर स्टंपापाशीच, तिनं बेल्स पाडल्या तवा मी मधी बी पोचले न्हवते. पौर्णिमाकडं बगितलं, तिचं तोंड पांढरं पडलेलं. मी म्हनले, मार आता.

पुढच्या चेंडूला तिनं सिक्स मारला, शेवटच्याला दोन काडले. पोरी मैदानात पळाल्या, तिला उचललं. मी सीमारेषेपाशी हेल्मेट हातात घिऊन उभी. मॅडम आल्या, माजा हात धरला निस्ता, लय घट्ट. फायनलबी आमी जिंकलो, तितं मला बॅटिंग आलीच न्हाई.

घरी आले तर आई चुलीम्होरं. तिला किरकेटातलं काय कळत न्हाई, पन समद्या वाडीनं मोबाइलवर बगितलेलं. मला म्हनली, तू तर रेघेच्या आत हुतीस की गं, कशाला पळालीस?  म्हनले, जिंकलो ना. आई म्हनली, व्हय, जिंकलाव की, आन् भाकरी उलटली.

दुसऱ्या वर्षी बोली लागली. आमच्या हितं नेटवर्क निस्तं वळनावर येतं, तितं जाऊन उभी ऱ्हायले, बापू काठी घिऊन मागनं आले. माजं नाव घेतलं. कुनी पाटी वर केली न्हाई. आमच्या संघाच्या टेबलावरबी मान्सं कागदात बगत ऱ्हायली. मग अनसोल्ड म्हनले आन् दुसरं नाव घेतलं. तेवढंच. बापू म्हनले, परत घेत्याल का गं नाव? मी म्हनले, घेत्यात कदी कदी. घेतलं न्हाई.

मॅडमचा फोन आला. म्हनल्या, मी भांडले गं तुझ्यासाठी, पण त्यांच्याकडे आकडे पाहणारा माणूस असतो, तुझ्या नावापुढे रन कमी, चेंडू कमी, आणि रन आउट. का रन आउट ते त्यात कुठे लिहिलेलं नसतं. मॅडमलाबी त्या वर्षी काडून टाकलं, नवा कोच आनला. संघ त्या साली समद्यात खाली ऱ्हायला, आसं ऐकलं.

पौर्णिमाला मोठ्या लीगनं घेतलं. टीव्हीवर मुलाखत झाली, त्या सिक्सबद्दल इचारलं, ती म्हनली, मी फक्त चेंडू पाहिला आणि मारला. पावसाळ्यात ती आलती वाडीला, एकटीच, धुक्यात टपरी गावंना म्हनून दोनदा म्होरं जाऊन माघारी आली. आईनं चहा दिला. बराच येळ हिकडचं तिकडचं बोलली, मग म्हनली, सारिका, मुलाखतीत तुझं नाव घ्यायचं राहिलं. घ्यायला पाहिजे होतं. पुढच्या वेळी सांगते मी सगळ्यांना, कॉल माझा चुकला होता म्हणून.

मी म्हनले, त्ये ऱ्हाऊ दे. एक खरं सांग, तू माज्या जागी असतीस तर पळाली असतीस का?

तिनं कप खाली ठिवला. मग म्हनली, नाही गं. नसते पळाले.

आन् मला राग आला न्हाई ताई, तुमाला खोटं वाटंल. तिनं खरं सांगितलं. रातभर, दिसभर मी ईचार केलाय ह्याचा. मोठं व्हायचं तर आपली जागा सोडायची न्हाई, आन् संघ मोठा व्हायचा तर कुनी तरी सोडावी लागती. दोनी खरं हाय. फकस्त जी सोडती तिला पुढच्या साली इचारत न्हाईत, ह्ये मला कुनी आधी सांगितलं न्हवतं. सांगितलं असतं तर पळाले नसते का? काय म्हाईत. आता त्ये दुखतं, पन पळाले त्याचं न्हाई दुखत. परत जायाला वाट न्हाई ह्याचं दुखतं. दोनदा ट्रायलला जाऊन आले, माज्याम्होरं सतरा-अठराच्या पोरी उभ्या, निवडनारी मान्सं माजं वय ऐकूनच फॉर्म बाजूला ठिवत्यात.

आता मी टपरीवरच असते. आईचे गुडघे धरलेत, भाकऱ्या मीच करते. बगायला मान्सं येत्यात लग्नासाठी, येऊन जात्यात. बॅट घरात हाय, आढ्याला लावून ठिवली, उंदरानं हँडल कुरतडलं तवापास्न काडली न्हाई.

सीजन चालू झाला की गडावर आलेली पोरं भजी खाता खाता मोबाइलवर म्याच लावत्यात. मी बगत न्हाई. मन लागत न्हाई. पन एकदम समदी वरडली की हात थांबतो, आन् मी इचारते, पौर्णिमा हाय का अजून? हाय म्हनलं की बरं वाटतं. खेळू दे तिला. तिच्या पायाला काय न होवो, डोळा असाच ऱ्हावो, आन् दुसऱ्या टोकाला तिला मानूस चांगलं भेटो. माजं काय, हितं गिऱ्हाईक उभं हाय, बसा तुमी, चहा टाकते.