गावपळणीत गावात गेलेली पाहुणी

जबाब, दि. १६/१२/२०२५

नाव मथुरा सिद्धेश मुणगेकर, वय ५२ वर्षे, व्यवसाय होमस्टे व खानावळ, रा. खाजणवाडी, आचऱ्याजवळ, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग.

मी समक्ष हजर राहून सांगते की, माझ्याकडे उतरलेल्या जपानी पाहुण्या कायोको ओगुरी, वय ४१, यांचा मृत्यू सोमवारी पहाटे, म्हणजे विहिरीत पडल्यानंतर दहा-बारा तासांनी झाला, असे डॉक्टरांनी आज दुपारी मला सांगितले. मृतदेह मी ओळखला आहे.

कायोको पाच आठवडे माझ्याकडे होत्या. परदेशी पाहुण्यांचा फॉर्म मी वेळेत भरलेला आहे. त्या रोज सकाळी गोठ्याच्या चिऱ्याच्या भिंतीवर चेंडू मारून झेलत. माझ्या सासूबाई ओरडत, "भिंत पाडतलंस गो, चेंडवाले!" त्या हसून आणखी जोरात मारत. काय खेळता, असे विचारल्यावर "थोडं बेसबॉल" एवढेच त्यांनी मोबाईलवर मराठीत करून दाखवले होते. त्या आपल्या देशाच्या महिला संघातून खेळल्या होत्या, हे मला काल याच ठाण्यात कळले.

शुक्रवार दि. १२ पासून आमची गावपळण होती. त्यात तीन दिवस, तीन रात्री गुरे-कोंबड्यांसह सगळा गाव हद्दीबाहेर झोपड्यांत राहतो आणि देवाचा कौल मिळाल्यावरच परततो. कायोको आमच्यासोबत आल्या. त्यांचा चेंडू झेलायचा चामडी हातमोजा मी आमच्या घराजवळच्या विहिरीच्या कठड्यावर उन्हात ठेवला होता. निघण्याच्या गडबडीत तो तिथेच राहिला. तो पिशवीत आहे असे त्या समजत होत्या. रविवारी दुपारी आभाळ भरून आले तेव्हा मला आठवण झाली आणि मी त्यांना सांगितले.

गावचे मानकरी दाजी परब यांना मी विचारले. ते हसून म्हणाले, "ती खंय आपल्या गावची? तिका बंधन नाय. जावंदे." सव्वाचारला त्या एकट्या गेल्या. मोबाईल झोपडीतच राहिला.

सहा वाजले तरी त्या आल्या नाहीत. मी म्हटले, "दाजींनू, चेंडवाली अजून येवक नाय. मी बघून येव?"

"खुळावलंस काय गो? तू गावची. कौल झाल्याबिगर पाऊल टाकूचा नाय. घरात निजली आसतली."

घराला कुलूप होते. किल्ली माझ्या कमरेला होती. पोलीस ठाण्याचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता. मी फोन केला नाही. आमच्या झोपडीपासून विहीर चालत वीस मिनिटांवर आहे.

सोमवारी सकाळी नऊला कौल झाला. मी सर्वांच्या पुढे गेले. कठड्याचा एक चिरा निखळलेला होता. विहिरीत छातीइतके पाणी आहे. कायोको आतल्या टप्प्यावर बसलेल्या होत्या, हातमोजा मांडीवर होता. उजवा पाय मोडलेला होता. रहाटाचा दोर गावपळणीआधी मीच काढून घरात ठेवला होता.

दाजींनी मला धरून ठेवले नव्हते. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

काल कायोको यांच्या भावाचा दुभाष्यामार्फत फोन आला. त्यांनी एकच विचारले, तिला शोधायला कोण गेले होते. रेंज जाते असे सांगून मी फोन ठेवला. रेंज होती. ते उद्या सकाळी साडेदहाला गोव्याच्या मोपा विमानतळावर उतरतील. त्यांना आणायला मीच जाणार आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे. त्यातले काही गाळायचे नाही.