गूळ-खोबऱ्याची वाटी

जबाब दि. १२/०२/२०२५

नाव: सौ. अनुजा वैभव पेडणेकर, वय ४३ वर्षे, व्यवसाय: वाइन विक्री व चाखणीच्या कार्यक्रमांचे मार्गदर्शन, राहणार: करी रोड, मुंबई.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी पती व मुलीसह राहते. माझे वडील शामराव गणपत घाडीगावकर, वय ७४ वर्षे, यांच्या अकस्मात मृत्यूच्या चौकशीकामी माझा जबाब घेतला जात आहे.

माझे वडील दिंडोरी तालुक्यात माझा धाकटा भाऊ दिगंबर याच्याकडे राहत. तेथे आमची द्राक्षबाग आहे. जमीन माझी आई मालन हिच्या माहेरची. आई हयात नाही. बागेत रासायनिक खत वा औषध वापरले जात नाही. शेण, गोमूत्र, बेसन आणि गूळ कालवून वेलींना घालतात. वाइन तेथेच तयार होते. बाग दिगंबर पाहतो. मुंबईतली विक्री मी पाहते. वडील काय पाहत, ते नेमके सांगता येणार नाही. ते सगळ्यात मधे असत.

वडिलांना बरीच वर्षे मधुमेह होता. गोळ्यांनी साखर आटोक्यात येईना म्हणून जानेवारी महिन्यात मी त्यांना मुंबईला आणून डॉक्टरांना दाखवले. डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केले आणि दारू बंद करण्यास सांगितले. वडिलांनी विचारले, "आणि चाखूचा काय?" डॉक्टर म्हणाले, चाखा आणि थुंका. वडिलांना ते पटले. आमच्या धंद्यात ती पद्धतच आहे. घोट तोंडात फिरवायचा आणि समोर ठेवलेल्या बादलीत टाकायचा. तेव्हापासून वडील माझ्याकडे राहत होते. रोज सकाळी नाश्त्याआधी इंजेक्शन मी देत असे. ते घेतल्यावर खाल्लेच पाहिजे, हे डॉक्टरांनी मला बजावले होते. इन्सुलिन सुरू झाल्याचे मी दिगंबरला फोनवर सांगितले होते. खाण्याचे सांगितले नव्हते. वडील माझ्याकडे असल्यामुळे त्याची गरज वाटली नाही.

आमचे मूळ गाव मालवणकडे आहे. तिकडे कोणतेही काम सुरू करताना देवाला गाऱ्हाणे घालतात. घरातला वडीलधारा माणूस उभा राहून देवाशी बोलतो आणि बाकीचे त्याच्या प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. दिंडोरीकडे ही रीत नाही. वडिलांनी ती तेथे नेली. दर वर्षी वाइन बाटल्यांत भरून झाली की पहिली बाटली उघडून ते बागेत गाऱ्हाणे घालत, थोडी वाइन वेलींच्या मुळाशी ओतत आणि गूळ-खोबरे वाटत. आईकडचे लोक म्हणायचे, घरजावई आला तो देवालाही सोबत घेऊन आला. गाऱ्हाणे सकाळी उजाडताच होई. मी मुंबईहून जेवणाच्या वेळेपर्यंत पोहोचत असे. गाऱ्हाण्याआधी घरात काय पाळले जाते, ते मी पाहिलेले नाही.

दिगंबर दोन वर्षांपासून म्हणत होता की आपली वाइन बंद करून द्राक्षे मोठ्या कंपनीला द्यावीत. कंपनी घेते, पण फवारणी तिच्या सांगण्याप्रमाणे करावी लागते. वडिलांना ते मान्य नव्हते. मुंबईतल्या काही हॉटेलांनी आमची वाइन घेतली तर बाग आहे तशी ठेवावी, नाहीतर कंपनीला होकार द्यावा, असे आम्हा तिघांत ठरले. त्यासाठी मी शनिवार दि. ०८/०२/२०२५ रोजी सायंकाळी लोअर परळ येथे बंद पडलेल्या एका मिलच्या आवारातल्या दालनात चाखणीचा कार्यक्रम ठेवला. त्याचा परवाना घेतला होता. प्रत सादर केली आहे.

कार्यक्रमाची सुरुवात गाऱ्हाण्याने करावी, ही सूचना माझी. पाहुण्यांना ते आवडेल असे मला वाटले. यंदाची पहिली बाटली दिगंबरने त्यासाठी राखून ठेवली. वडिलांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "सांजचा घालतत काय गाऱ्हाणा?"

मी म्हणाले, "बाबा, मुंबईचा देव उशिरा उठतो."

ते हसले. नको म्हणाले नाहीत.

शनिवारी सकाळी मी त्यांना नेहमीप्रमाणे इंजेक्शन दिले. घावणे केले होते. ते ताटात वाढून झाकून ठेवले. मला दालनावर लवकर जायचे होते. वडील म्हणाले, "तू जा गो. माका हात आसत." मी गेले. पती व मुलगी परगावी होते. दुपारनंतर दिगंबर टेम्पोतून खोकी घेऊन मुंबईत आला आणि वडिलांना घरून घेऊन दालनावर पोहोचला.

दालनातले जुने लोखंडी खांब तसेच ठेवलेले आहेत. माझे आजोबा त्याच मिलमध्ये साचेखात्यात मागावर होते. वडिलांनी एका खांबाला हात लावला आणि पाहुण्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "माझ्या बापाक हय सायब इडी ओढूक देय नसत. आता बघा, दारू पिवक खुर्चे मांडल्यानी." ज्यांना भाषा कळली ते हसले. मी बाकीच्यांना समजावून सांगितले, मग तेही हसले. वडिलांच्या कपाळावर घाम होता. मी रुमाल दिला. उकडतंय का, असे विचारले. ते "नाय" म्हणाले.

पाहुणे वीसेक होते. त्यांत तीन हॉटेलांचे लोक होते. वडिलांनी बाटली समोर ठेवली, टोपी घातली आणि गाऱ्हाणे घातले. त्यातले मला आठवते ते असे: "बा देवा म्हाराजा, ह्या वेलीक आम्ही विख घालूक नाय. जा काय पिकला ता तुझ्या पुढ्यात ठेवलाव. काय कमी-जास्त झाला असात ता पदरात घे. आणि ही बाग माझ्या पोरांच्या हातात आसा तशी ऱ्हवांदे." पाहुण्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटले. दिगंबरही म्हणाला. मी पाहुण्यांना खूण करत होते, कधी म्हणायचे त्याची.

नंतर गूळ-खोबऱ्याची वाटी फिरली. ती फिरत वडिलांकडे आली तेव्हा मी ती त्यांच्या हातून काढून घेतली, कारण त्यांना साखर वर्ज्य होती. ते पाहुण्यांकडे बघून म्हणाले, "वेलीक गूळ घालतंव आणि माका नाय?" सगळे हसले. त्यावर मी विनोदाने उत्तर दिले. वाटी मी माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

मग चाखणी सुरू झाली. वाइन पाच होत्या. ग्लास दिगंबर भरत होता, माहिती मी सांगत होते. पहिली पांढरी वाइन सगळ्यांनी चाखली. बहुतेकांनी थुंकली. वडिलांनी गिळली. मी हळूच म्हणाले, "बाबा, बादली." ते म्हणाले, "ह्या थुकूचा नसता." मला वाटले, हॉटेलवाल्यांसमोर त्यांना आपलीच वाइन टाकायची नाही. दुसरीही त्यांनी गिळली. मी दिगंबरला त्यांच्या ग्लासात कमी ओतायची खूण केली. त्याने कमी ओतली. तिसरीही त्यांनी गिळली.

तिसऱ्या वाइनच्या वेळी वडील मधेच बोलू लागले. शब्द जड येत होते. त्यांनी मला मालन म्हणून हाक मारली. मग उठायला लागले आणि म्हणाले, "मिलचो भोंगो झालो काय?" पाहुण्यांपैकी कोणीतरी म्हणाले, "अंकल को चढ गई." बरेच जण हसले. पुढे बसलेल्या एका हॉटेलच्या बाई हसल्या नाहीत, त्यांनी मोबाइल काढला. मला लाज वाटली. वडिलांनी टेबलावरच्या वाटीकडे हात केला. मी वाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "बाबा, हट्ट नको ना आता." मग दिगंबरला त्यांना बाजूच्या खोलीत निजवायला सांगितले. उतरली की बरे वाटेल, असे मी म्हणाले. दिगंबर त्यांना धरून घेऊन गेला.

ते प्यायले आहेत, याखेरीज दुसरे काही असेल असे माझ्या मनात आले नाही. दिगंबरच्याही मनात आले नाही, असे तो म्हणतो. घाम, जड जीभ, भलतेच बोलणे, हे सगळे साखर उतरल्यावरही असेच दिसते, हे रात्री डॉक्टरांनी सांगितले.

दिगंबर परत आला. "झोपले," म्हणाला. मी चौथी वाइन दिली. पाचवी गोड होती. द्राक्षे वेलीवर जास्त दिवस ठेवली की त्यांच्यात साखर कशी साठते आणि ती वाइनमध्ये कशी उरते, ते मी समजावून सांगितले. पाहुण्यांनी प्रश्न विचारले. मी उत्तरे दिली. कार्यक्रम चांगला झाला.

पाहुणे गेल्यावर मी खोलीत गेले. वडील बाकावर कुशीवर होते. सदरा भिजलेला होता. हाक मारली, हलवले. उठले नाहीत. ॲम्ब्युलन्स बोलावून त्यांना रुग्णालयात नेले. तेथे बोटातून रक्त काढले तेव्हा साखर इतकी खाली होती की यंत्रावर आकडा आला नाही. डॉक्टरांनी विचारले, शेवटचे कधी जेवले?

मी म्हणाले, "सकाळी घावणे."

दिगंबर म्हणाला, "सकाळी कसे? आज गाऱ्हाणं होतं."

मी म्हणाले, "मग?"

तो म्हणाला, "ताई, गाऱ्हाणं घालेपर्यंत बाबा कधी खातात? पाणी सोडून तोंडात काही घालत नाहीत. तुला माहीत नाही?"

मी म्हणाले, "इंजेक्शन घेऊन उपाशी राहायचं नसतं, हे तुला माहीत नाही?"

त्यानंतर आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो.

मी कपडे आणण्यासाठी घरी गेले तेव्हा स्वयंपाकघरात ताट झाकलेले होते तसेच होते. त्यात घावणे होते.

वडील शुद्धीवर आले नाहीत. दि. १०/०२/२०२५ रोजी सकाळी रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. अंत्यसंस्कार मुंबईतच केले. अस्थी दिगंबर बागेत घेऊन गेला.

मला विचारण्यात आले की वडिलांना वाइन पिण्यास कोणी भाग पाडले काय. कोणी भाग पाडले नाही. दिगंबरने त्याच्या जबाबात, ग्लास मी भरले, जबाबदारी माझी, असे सांगितल्याचे मला येथे कळले. ग्लास त्याने भरले हे खरे आहे. पण वडील थुंकणार, असे त्याने धरले होते, आणि ते मीच त्याला सांगितले होते. वाइनमध्ये काही दोष नव्हता. तीच सगळ्यांनी चाखली. कोणाला त्रास झाला नाही.

बागेचे काय ठरले, असेही विचारण्यात आले. हसल्या नव्हत्या त्या बाईंचा रविवारी निरोप आला. त्यांना वाइन हवी आहे. गाऱ्हाणे त्यांना फार आवडले, त्याचे त्यांनी चित्रीकरण केले आहे, त्यांच्या हॉटेलात ते पुन्हा ठेवता येईल का, असे त्यांनी विचारले आहे. मी उत्तर दिलेले नाही. दिगंबरने काल कंपनीला होकार कळवला. मी अडवले नाही. गाऱ्हाणे घालायला आता घरात कोणी नाही. मला सगळे पाठ आहे, पण मी घालणार नाही.

वडिलांच्या मृत्यूबाबत माझा कोणावरही संशय नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

वरील मजकूर मला मराठीत वाचून दाखवण्यात आला. त्यात गूळ-खोबऱ्याच्या वाटीच्या ठिकाणी "त्यावर मी विनोदाने उत्तर दिले" असे लिहिले आहे. ते उत्तर लिहून घ्यावे, अशी मी विनंती केली. चौकशीसाठी त्याची आवश्यकता नाही, असे जबाब लिहून घेणाऱ्या मॅडमनी सांगितले. मी पुन्हा विनंती केल्यावरून ते खाली नोंदवले आहे.

मी वाटी काढून घेतली आणि म्हणाले, "गूळ नाही, बाबा. आज तुमचा प्रसाद ग्लासात."

वडील "बरा" म्हणाले. त्यांनी टोपी सारखी केली आणि दिगंबरकडून ग्लास दोन्ही हातांनी घेतला.

प्रसाद थुंकत नाहीत. हे मला त्यांनीच शिकवले होते.

एवढी भर घालून हा जबाब मी सांगितला तसाच लिहिला गेला आहे. तो खरा आहे.

सही: अनुजा वै. पेडणेकर

समक्ष: महिला पोलीस उपनिरीक्षक