अननस, लिंबू आणि तिसरी बाटली

नाव : रक्षा तुकाराम मिराशी, वय : २४ वर्षे, धंदा : घरी शिकवण्या, रा. रामनगर, ता. जोयडा, जि. उत्तर कन्नड.

मी समक्ष हजर राहून सांगते की, काल दि. १० नोव्हेंबर २०२५ रोजी दिलेल्या जबाबात माझ्याकडून एक चूक झाली. म्हादूअण्णांच्या दुकानात ‘ट्रॉपिकल’शिवाय दुसरं कोणतंच थंड पेय नव्हतं, असं मी लिहून दिलं. ते खरं नाही. लिंबू होतं. पेटीभर होतं. ही दुरुस्ती करण्यासाठी मी आज आपणहून आले आहे.

साहेब नवीन बदलून आले आहेत म्हणून सांगते. आमच्या भागात मुलगी बघायला पाहुणे आले की मुलगी चहा नेत नाही, रामनगरात तयार होणारा ‘हिरा’ सोडा नेते. पिवळा अननस म्हणजे तिला स्थळ पसंत, हिरवं लिंबू म्हणजे नापसंत. तोंडाने कोणी विचारत नाही आणि मुलगीही बोलत नाही. लिंबू आलं तरी पाहुणे ते संपवूनच उठतात.

रविवारी गणेशगुडीहून सुदेश आणि त्यांचे चुलते परशुराम आमच्या घरी आले. सुदेश काळी नदीत पर्यटकांच्या बोटी चालवतात. पाहुणे टेकल्यावर मी दुकानात गेले आणि अननस मागितलं. हे काल मला कोणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नव्हतं. म्हादूअण्णा म्हणाले, “तुळशीचं लग्न झालं न्हवं. यंदा सगळ्या पोरी व्हय म्हणायल्यात, मी अननस कुठनं आणू? लिंबू ने की, धूळ खायलंय.” मी नवीन कंपनीच्या ‘ट्रॉपिकल’च्या तीन बाटल्या घेतल्या. त्यांच्यावर अननस, आंबा आणि संत्रं अशी चित्रं आहेत.

बाटली बघून परशुराम म्हणाले, “अननस हाय. ठरलं. नारळ आणा.”

माझे काका विनायक मिराशी म्हणाले, “दमानं, पावणं. आंबा बी हाय, संत्रं बी हाय. अननस एकटं कुठं हाय?” काकांच्या मनात खानापूरचं दुसरं स्थळ आहे.

“लिंबू तर न्हाई न्हवं?”

“मधल्या फळाची रीत न्हाई आमच्यात.”

बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत ‘यात कोणतंही फळ नाही’ असं छापलेलं आहे. मला वाचायला आधी घरीच आईने शिकवलं, डब्या-पुड्यांवरची अक्षरं दाखवून. तेव्हापासून छापलेलं शेवटपर्यंत वाचायची सवय आहे. म्हणून मी ते मोठ्याने वाचलं. परशुराम म्हणाले, “पोरीला गप बसाय सांगा, मोठी माणसं बोलायलीत.” काका म्हणाले, “व्हय, आत जा.” त्या दुपारी दोघांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

पुढे झोंबाझोंबी झाली. परशुराम यांचा शर्ट फाटला, काकांच्या अंगठ्याला काच लागली. बाटली कोणी फोडली ते मी पाहिलं नाही, कारण मी तेव्हा सुदेश यांच्याकडे पाहत होते. ते खाली बसून काचा वेचत होते. त्यांनी मला विचारलं, “तुम्ही दुकानात काय मागितलं होतं?” मी उत्तर देण्याआधी काकांनी मला आत ओढलं. दोन्ही घरांनी एकमेकांवर तक्रार दिली आहे. होकार होता की नकार, हे ठरवावं असं दोघांनीही त्यात पोलिसांना सांगितलं आहे.

मुद्देमाल म्हणून उरलेल्या दोन बाटल्या ठाण्यात जमा आहेत. आज त्या दोन्ही टेबलावर आहेत. काल दोन्ही भरलेल्या होत्या, आज एक रिकामी आहे.

लिंबू का नेलं नाही, असं साहेबांनी विचारलं. मला लिंबू न्यायचं नव्हतं. काका बाहेर बाकावर बसले आहेत. फक्त ‘ट्रॉपिकल’च मिळत होतं असं सांगायला त्यांनी सांगितलं होतं.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. पुढचा मजकूर माझ्या सांगण्यावरून वाढवला आहे : अननसाची पेटी शनिवारी येणार आहे, एक बाटली माझ्यासाठी बाजूला ठेवायला मी सांगितलं आहे. मुलीने बाटली घेऊन मुलाच्या घरी जायची रीत नाही, हे मला माहीत आहे. माझ्याबरोबर कोणी येईल असं वाटत नाही. मी गणेशगुडीला जाणार आहे, रविवारी, दि. १६ नोव्हेंबर २०२५ रोजी.