चालवन कोण?

बालाघाटहून गोंदियाला निघालेल्या बसमध्ये ते नवरा-बायको माझ्या पुढच्या सीटवर होते. लकव्यानं लुळा पडलेला त्याचा उजवा हात तिनं मांडीवर घेतला होता. डाव्या हातानं तो तिला मोबाइलवर अंदमानचा नकाशा दाखवत होता.

“हे पाय, कमला. पोर्ट ब्लेअरहून चिडियाटापूले रस्ता जाते ना, तिथं बाजूले समुद्रच समुद्र. गाडी किरायानं भेटते.”

“अन् चालवन कोण?”

“डॉक्टर म्हणे, हात सुधरन.”

“जेवता येईन, इतकंच म्हटलं जी त्यानं.”

“मंग ड्रायव्हर करू.”

“दिवसभर पराया माणूस? तुम्हालेच नाही जमणार. त्याच्या हरेक ब्रेकवर तुम्ही ओरडान.”

“तुले गाडी येत असती, तर कामच झालं असतं.”

“मी म्हटलं होतं, मले शिकवा. तुम्ही किती हासले! शेजाऱ्याइले बोलावून सांगतलं, आमच्या बाईले गाडी चालवायची हाये म्हणून.”

“चुकलं माझं. तवा शिकवलं असतं, तर आता तूच मले समुद्र दाखवला असता.”

“तवा मले समुद्र कुठं पाह्यचा होता? माय बिमार होती. तुम्हाले सुट्टी भेटत नव्हती. मले फक्त बैहरले तिच्याकडं जायचं होतं.”

“हे नाही सांगतलं तू.”

“सांगतलं होतं जी. तुम्ही म्हटलं, दिवाळीले जाऊ. माय दसऱ्याच्या आधीच गेली.”