बँकेच्या साहेबाची भूमिका

अहो, मान हलवू नका, वस्तरा गळ्यावर आहे — काय पुटपुटतोय म्हणता? जर्मन! आरशाला तो कागद लावलाय ना, बँकेतले शब्द आहेत ते. कोन्टो म्हणजे खातं, आइनत्साहलेन म्हणजे पैसे भरणं, अपहेबेन म्हणजे काढणं, स्पारेन म्हणजे साठवणं. मुलगी तिकडे जर्मनीत नर्स आहे, तिच्या बाळंतपणाला आम्ही दोघं जाणार — सहा महिने. ती म्हणाली, "बाबा, बँकेत तुम्हालाच जावं लागेल, तिथे नुसते हातवारे चालायचे नाहीत." आकडे सोपे हो! आपण चोवीस म्हणताना आधी चार, मग वीस — त्यांचंही तसंच. आमच्या हिने तर दोन दिवसांत शंभरपर्यंत पाठ केले.

परवा सकाळी चहा घेता घेता सराव — मी बँकेचा साहेब, ही गिऱ्हाईक. मी ऐटीत विचारलं, खात्यात किती आहेत? तर म्हणते, त्स्वाइ-उंट-आख्त्सिग-टाउझेंड. म्हटलं, "चुकलीस, याचे ब्याऐंशी हजार होतात." म्हणाली, "तेवढेच आहेत." — हसू नका, गाल कापेल! — ब्याऐंशी हजार! माझ्या बायकोचे! साहेब गेला, एकदम नवराच झालो मी. म्हटलं, आणलेस कुठून? तर म्हणे, "गल्ल्यातून." रोज दुपारी डबा घेऊन यायची, आम्ही दोघं भाऊ जेवेपर्यंत गल्ल्यावर बसायची — रोज वीस-तीस रुपये. "तुमच्या हातात राहिले असते का?" नसते. ते खरंय.

पण गल्ल्यात पैसे कमी भरायचे, तेव्हा मला वाटलं होतं, धाकटा घेतो. अकरा वर्षं त्या बाजूच्या खुर्चीवर काम केलं त्याने. तीन वर्षांपूर्वी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर त्याला खिसे उलटे करायला लावले मी. काय निघालं? एक कंगवा आणि अर्धी गोळी डोकेदुखीची. कात्री ठेवली आणि गेला. — तो गेल्यावरही पैसे कमी पडायचे का? पडायचे की. म्हटलं, मोजताना चुकत असेन. — बघू नका असं आरशातून. हिला विचारलं, तेव्हाच का नाही बोललीस? म्हणाली, "बोलणार होते. पण तुम्ही असे ओरडत होतात, वाटलं मलाही बाहेर काढाल." आणि रडायला लागली. मग मला ओरडताही येईना.

यादीत खाली एक शब्द आहे, शुल्ड — म्हणजे देणं. मुलीला फोनवर विचारलं, नीट सांग गं. म्हणाली, "बाबा, अपराधालाही तोच शब्द आहे." आता बोला!

काय? जाऊन भेटू? एवढ्याशा गावात राहतो, दोन गल्ल्या पलीकडे, आणि मी काय म्हणू त्याला? कुठल्या भाषेत म्हणू? ... मराठीत. हं. हो, मराठीत.

झालं, उठा. पैसे राहू द्या, नंतर द्या. अहो उठा म्हणतो ना — शटर ओढायचंय मला.