राणी रंगाची साडी

हॅलो?… हां शुभ्रा, बोल. नाही गं, कामात कसली, मेथी निवडतेय…

या शुक्रवारी? वाळवंटातला तोच कॅम्प? अरे वा, जाच… हो, हो, आम्ही गेल्या महिन्यात राहून आलो ना. विचार की.

तंबू म्हणजे नावाला तंबू. आत एसी, गालिचा, पलंगावर सहा उशा… बाथरूम आतच, अगं टबसुद्धा आहे. पण स्वेटर घे, पहाटे कुडकुडायला होतं… हो, इथेच, यूएईत. आणि वाळू सगळीकडे जाते. घरी आल्यावर चार दिवस इराच्या बुटांतून निघत होती.

जेवण? व्हेज भरपूर. तू दशम्या बांधू नकोस, बाहेरचं चालत नाही तिथे…

काय?… तुझ्या सासूबाईंना एक रात्र आमच्याकडे?… अडचण कसली, दोन बिल्डिंग सोडून तर राहता. पण त्यांना का नाही नेत?… ‘त्यांना काय कळणार लक्झरीतलं?’… हं… नाही, रागावले नाही. सुजीतच्या आईबाबांना नेताना मीही हेच म्हणत होते. अगं ऐक ना. पूर्ण ऐक, मग ठरव.

जाताना जीप टेकड्यांवरून उडवत नेतात… तेच, ड्यून बॅशिंग. आईंना उलटी झाली. साडीवरच… हो, ती राणी रंगाची. वयस्कर माणूस बरोबर असलं की ड्रायव्हरला आधी सांगायचं, भैया, धीरे. आम्ही सांगितलं नाही.

कॅम्पवर पोचल्या पोचल्या त्यांनी साडी टबात धुतली. आणि पर्समधून नायलॉनची दोरी काढली… अगं जातील तिथे असते त्यांच्याजवळ, काशीलासुद्धा नेली होती. तंबूच्या खांबापासून दिव्याच्या खांबापर्यंत बांधली न् साडी वाळत घातली. शेजारी गोरे लोक ज्यूस पीत बसलेले… हस तू. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्या तंबूची व्यवस्था बघणारा हमदुल्ला होता, तो अदबीने म्हणाला, लाँड्री आहे मॅडम. आई म्हणाल्या, एका साडीला कशाला लाँड्री. मग मीच बोलले. चारचौघांत शोभा करता म्हणाले, काढा ती… रात्री आई नीट जेवल्याही नाहीत. शेवटी हमदुल्लाच म्हणाला, रहने दो मॅडम, सुबह तक सूख जाएगी.

सकाळी उठतो तर बाबा नाहीत… फिरायला. साताऱ्यात निघतात तसे साडेपाचला, अंधारातच. कॅनव्हासचे बूट, कानटोपी. फोन चार्जिंगला… उजाडलं, आठ वाजले. वाऱ्याने पावलांचे ठसे सगळे पुसलेले. त्यांना शुगर आहे, शुभ्रा. सुजीत न् हमदुल्ला जीप घेऊन शोधायला गेले… मी? मी नुसती उभी. इरा विचारतेय, ‘मम्मा, व्हेअर इज आजोबा?’ काय सांगू तिला?

आले… हो, आपले आपणच आले, जीप भलतीकडेच गेलेली. म्हणाले, तंबू वाळूच्याच रंगाचे, टेकड्या सगळ्या सारख्या, पाय थकले, खाली बसणारच होतो. तेवढ्यात लांबवर काहीतरी गुलाबी हललेलं दिसलं. म्हटलं, ही तर आपल्या घरची साडी.

… हो. तीच…

हॅलो? आहेस ना?… कांदा नाही, मेथीच आहे. हो, रडतेय थोडी.

मी आईंचे हात धरले, म्हटलं चुकलं माझं. त्या म्हणाल्या, आधी त्यांना चहा दे, आज साखर घालून. खलास, एवढंच. देवाचे आभार मानते मी रोज. आईंचे मानायला गेलं की त्या विषय बदलतात.

तेव्हा नाही, तुझ्या सासूबाईंना मी ठेवून घेणार नाही. एरवी महिनाभर राहू देत, पण शुक्रवारी नाही… काय?… नेतेस? नक्की?… मग आत्ताच सांग त्यांना, आतल्या खोलीत जाऊन. मी ठेवते…

थांब, थांब. आई विचारतायत, तुझ्या सासूबाईंकडे दोरी आहे का?… नाही?… आई, ती मुसफ्फाच्या बाजारातून आणेल म्हणते… अगं, बाजारची टिकत नाही म्हणतात… अहो आई, आत्ता नको… शुभ्रा, ठेवते गं, ठेवते. आई आमचीच दोरी सोडायला निघाल्या, आणि तिच्यावर माझे सगळे ओले कपडे आहेत.